ओपनस्टॅक्सचे फुकट भौतिकशास्त्र: खानापूरच्या मुलांबरोबर एक वर्ष

बेळगावात शहापूर भागात मी बी.एस्सी.च्या मुलांची भौतिकशास्त्राची शिकवणी घेतो. खानापूर तालुक्यातून येणारी माझी बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, त्यांचे सगळे विज्ञान एकदम इंग्रजीत होते. बसचा पास आणि परीक्षेची फी भागवली की जाडजूड पुस्तकांसाठी त्यांच्याकडे फारसे उरत नाही. म्हणून गेल्या वर्षी ओपनस्टॅक्सचे ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ हे तीन खंडांचे पुस्तक मी मुख्य पुस्तक म्हणून लावून पाहिले.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प २०१२ पासून पाठ्यपुस्तके मोफत देत आला आहे. नाव न नोंदवता मोबाइलवर वाचता येते, पीडीएफही उतरवून घेता येते. पहिल्या खंडात यामिकी, दोलने, तरंग आणि ध्वनी अशी १७ प्रकरणे आहेत. दुसऱ्यात उष्मागतिकी व विद्युतचुंबकत्व, तिसऱ्यात प्रकाशशास्त्र आणि आधुनिक भौतिकी. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) गृहीत धरलेले असल्यामुळे ज्याचे गणित कच्चे आहे, त्याने आधी ते पक्के करावे.

लेखन सरळ आहे. दहाव्या प्रकरणात टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, समजावताना वरून पाहिलेल्या दाराची आकृती दिली आहे. एका मुलीने शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, ‘बिजागरीजवळ ढकलले तर दार हलत नाही’, आणि त्या एका ओळीने माझे अर्ध्या तासाचे व्याख्यान वाचवले. अशा मराठी टिपा घालून प्रकरण पुन्हा छापायलाही कोणाची परवानगी लागत नाही, कारण मूळ श्रेय दिले की नक्कल, बदल आणि वाटप यांना या पुस्तकाच्या सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्स) या खुल्या परवान्यात मुभा आहे. बाजारातल्या पुस्तकाची झेरॉक्स काढताना मनात जी चोरटेपणाची भावना असते, ती इथे नसते. तरीही एका झेरॉक्सवाल्याने ‘सर, अख्खे पुस्तक? नको’ म्हणून हात वर केले. परवान्याचे पान दाखवल्यावरच त्याने यंत्र सुरू केले.

उणिवा आहेत. उदाहरणांत बेसबॉल आणि बर्फावरची हॉकी वारंवार येते. बर्फावर घसरणारी चकती आमच्या मुलांना कॅरमच्या सोंगटीवरून समजवावी लागते. आपल्या विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे प्रकरणांचा क्रम नाही, त्यामुळे कोणत्या आठवड्यात काय वाचायचे याचा तक्ता शिक्षकानेच करून द्यावा लागतो. सर्व उदाहरणांची उत्तरेही मागे नाहीत. प्रयोगवही आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका यांवरचा खर्च वाचत नाही, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांबलचक सिद्धता वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच असल्यामुळे छपाईचाही थोडा खर्च येतोच. फुकट म्हणजे अगदी शून्य खर्च, असे मी पालकांना सांगत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र माझी होती. पैसे वाचवण्यासाठी मी सगळे काळ्या-पांढऱ्या छपाईत काढले, आणि आकृत्यांत वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेली बले एकाच करड्या छटेत मिसळून गेली. यंदा आकृत्यांची पाने तेवढी रंगीत काढून घेतली आहेत. बाकीचा मजकूर काळ्या शाईतच चालतो.