गोळ्यांचं घड्याळ: आठ महिन्यांनंतर

दर तासाला दहा मिनिटं मागे! पहिले दोन महिने मी याच एका गोष्टीने वैतागलो होतो.

स्टीलच्या गोळ्या आणि तीन पट्ट्यांचं हे घड्याळ अमेरिकेतल्या हार्ली मेयेनशाइन यांनी १९७०च्या दशकात काढलं. मोटरवरचा दांडा दर मिनिटाला एक गोळी उचलून वर टाकतो; वरची पट्टी मिनिटं दाखवते, मधली पाच-पाच मिनिटं आणि खालची तास. माझं जुनं, मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेलं. तिकडचं ते ११० व्होल्टवालं, म्हणून अकराशेचा ट्रान्सफॉर्मर घेतला. तरी मागेच. दुरुस्तीवाल्याने ‘पट्ट्या झिजल्यात’ म्हणत साफसफाईचे आठशे घेतले आणि घड्याळ होतं तसंच परत दिलं. ते आठशे मला अजून सलतात.

दोष पट्ट्यांचा नव्हताच. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेवढेच राहतात, आणि ही मोटर चालते हर्ट्झवर. मिनिटाचा फेरा ७२ सेकंदांत पडत होता. बुधवार पेठेत गणपतीच्या देखाव्याच्या मोटरी मिळतात, तिथून मिनिटाला एक फेरा घेणारी २३० व्होल्टची मोटर आणली, तीनशेच्या आत. घेताना एकाच दिशेने फिरणारी मागून घ्या. साधी मोटर कधी उलटीही सुरू होते, मग दांडा गोळी उचलतच नाही.

तेव्हापासून माझं मत पार बदललं. विकायला काढणार होतो, आता कोणी मागितलं तरी देणार नाही. बारा एकोणसाठला वरच्या पट्टीवर चार, मधल्या आणि खालच्या पट्टीवर अकरा-अकरा गोळ्या असतात. सत्ताविसावी येते, वरच्या पट्टीच्या टोकाशी क्षणभर थबकते आणि पट्टी कलते. मग मधली, मग खालची. सगळ्या खडखडत तळाला जातात आणि एकचा आकडा दाखवणारी पक्की बसवलेली गोळी तेवढी उरते. आई त्या वेळी पोळी तव्यावरून उतरवून बाहेर येते.

आवाज मोठा आहे, झोपायच्या खोलीत नको. घड्याळाखाली पुठ्ठा सरकवून ते समतल करा, नाहीतर गोळ्या अडतात. बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की काटा नसलेलं हे घड्याळ हातानेच लावावं लागतं. काल वीज आली तेव्हा सात अडतीस झाले होते: खाली सहा (पक्की धरून सात), मध्ये सात, वर तीन.