डब्याचा संडास: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जिथे ड्रेनेज लाइन नाही आणि टाकी उपसणारा ट्रक बोळाच्या तोंडाशीच अडतो, अशा दाटीच्या वस्तीसाठी ही सोय आहे. घरात कोपऱ्यात बसेल एवढी पेटी, तिच्यावर लघवी वेगळी काढणारी सीट, आत घट्ट झाकणाचा डबा. आठवड्यातून दोनदा सेवेची माणसे भरलेला डबा झाकण लावून नेतात आणि धुतलेला रिकामा डबा ठेवून जातात. मैल्याचे वस्तीबाहेर सोनखत होते. हैतीत कॅप-हैतियन शहरात ‘सॉइल’ आणि नैरोबीच्या वस्त्यांत ‘सॅनर्जी’ या संस्थांनी असेच संडास मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवले आहेत. आमच्या वापरातून दिसते ते असे: डबा कोरडा राहिला तर वास आणि माश्या जवळपास नसतातच, आणि डब्यात पाणी गेले की तीच पेटी घरात नकोशी होते. बाकीच्या बहुतेक तक्रारींचे मूळही याच ओलाव्यात आहे.

आधी आकारमान. डबा 20 लिटरचा. एका माणसाचा रोजचा मैला पाव किलोच्या आसपास, म्हणजे पाच जणांच्या घरात सव्वा किलो. दर वेळी वरून वाटीभर भुसा धरला तर दिवसाला दोन ते अडीच लिटर भरते. डबा पाऊणच भरायचा, म्हणजे 15 लिटर. हिशेबाने सहा-सात दिवस सहज निघतात, मग दोनदा उचलण्याची गरज काय? कारण माशी. उन्हाळ्यात घरमाशीच्या अंड्यापासून माशी व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्याआधी डबा घराबाहेर गेला की ते चक्र तुटते. पाहुणे आले किंवा कुणाचे पोट बिघडले, तरी जागा उरते ती वेगळीच.

भुशाची निवड सीटइतकीच महत्त्वाची आहे. बारीक, कोरडा, साध्या लाकडाचा भुसा सर्वांत चांगला. रंधा मारलेल्या जाड सालींच्या फटींतून माशी आत जाते. भाताचे तूस अख्खे टाकले तर ते पाणी शोषत नाही, घरंगळून कडेला जाते, दळलेले चालते. प्लायवूड किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नये, त्यातला गोंद आणि रसायने खतात उतरतात. राखेने वास लगेच मरतो, पण राख फार झाली की ढिगातला नत्र अमोनिया होऊन उडतो आणि कुजणे मंदावते. चार वाट्या भुशाला एक वाटी राख पुरे. रिकामा डबा आला की तळाला तीन-चार सेंटीमीटर भुसा आधी पसरावा. हे विसरले की मैला तळाला चिकटतो आणि धुणाऱ्याचे काम दुप्पट होते.

झाकणाच्या आट्यात भुसा अडकतो, मग रबरी वायसर नीट बसत नाही आणि गाडीवर डबा हलला की पाझरतो. लावण्याआधी आटे कोरड्या फडक्याने पुसायचे आणि फडके त्याच डब्यात टाकायचे नाही. सॅनिटरी पॅड, डायपर, प्लास्टिक यांना वेगळा झाकणाचा डबा हवा. हे मैल्यात गेले तर खताच्या जागी कुणाला तरी ते वेचून काढावे लागते. कुणाच्याही हाताला मैला लागू नये म्हणून तर ही सगळी रचना आहे, त्यामुळे या बाबतीत घराने अजिबात सूट घेऊ नये.

लघवीची नळी प्लास्टिकचीच हवी, धातू गंजतो. व्यास 25 ते 32 मिलिमीटर, मीटरमागे किमान चार सेंटीमीटर उतार, कुठेही झोळ नको. नळीचे टोक लघवी साठवायच्या कॅनच्या तळाजवळ बुडलेले ठेवले की अमोनियाचा दर्प वर येत नाही. काही आठवड्यांनी आत पांढरट पिवळा थर धरतो. लघवी साठली की तिचा सामू नऊच्या आसपास जातो आणि फॉस्फेटचे क्षार खाली बसतात. जड पाणी ओतून नळी ‘स्वच्छ’ करायला गेलात तर थर आणखी वाढतो, कारण त्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्यात भर घालतात. आठवड्याला कपभर व्हिनेगर रात्रभर नळीत राहू द्यावे आणि सकाळी थोडे गरम पाणी सोडावे. केस अडकले असतील तर लवचीक तार लागते.

आणि लघवी भरते फार लवकर! माणशी दिवसाला लिटर-सव्वा लिटर. निम्मा वेळ बाहेर असणाऱ्या पाच जणांच्या घरातही 10 लिटरचा कॅन तीन-चार दिवसांत काठाला येतो. 20 लिटरचा भरलेला कॅन 20 किलोच्या वर जातो. अरुंद जिन्यावरून तो उतरवणे धोक्याचे, म्हणून दोन छोटे कॅन बरे. माणसाच्या मलमूत्रातला बहुतांश नत्र लघवीतच असतो, तरी वजनामुळे बहुतेक ठिकाणी ती जमिनीत किंवा गटारात जाते. जिथे नेणे शक्य आहे, तिथे बंद कॅनमध्ये 20 अंशांच्या वर सहा महिने ठेवून मग पिकाला द्यावी. पानांवर न टाकता सरीत ओतून माती ओढायची, आणि काढणीआधी महिनाभर बंद करायचे.

आता धुण्याचे पाणी. पाण्याने धुणाऱ्या घरांत हा या संचाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. एका वेळी लिटरभर पाणी डब्यात गेले तर भुसा हरतो. म्हणून शेजारी धुण्याची वेगळी जागा किंवा सीटला तिसरे भोक लागते. पण ते पाणी मैल्याच्या जंतूंचे असते, उघड्या गटारात सोडता येत नाही. शोषखड्ड्याला जागा नाही आणि भूजल वर आहे, अशा ठिकाणी ते बंद नळीतून सामाईक गाळण-टाकीत न्यावे लागते. विक्रेते यावर गप्प असतात. संच बसवण्याआधी हे पाणी कुठे जाणार ते नळीच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघा. जुलाबाच्या दिवसांत भुसा दुप्पट आणि एक डबा जास्तीचा मागवा.

उचलण्याची सेवा चुकली की सगळे कोसळते. पावसात गाडी येत नाही हे गृहीत धरून प्रत्येक घरी एक जादा डबा असलाच पाहिजे. भरलेला डबा 12 ते 15 किलोचा असतो. गाडी बोळात वळेल एवढीच रुंद हवी, आणि बोळात ओतणे-बदलणे अजिबात नको, डबा बंदच जायचा. धुण्याचे पहिले पाणी खताच्या ढिगावर, मग ब्रश, मग क्लोरीन, मग ऊन. मळ चिकटलेला असताना क्लोरीन मारून उपयोग नाही, ते मळावरच खर्ची पडते.

खताच्या बाबतीत सेवा देणाऱ्याला एकच कागद मागा: तापमानाची नोंद. मैल्यात कार्बन कमी, नत्र जास्त. उसाचे चिपाड किंवा वाळका पाला घालून कार्बन-नत्राचे प्रमाण 25 ते 30 ला एक करावे लागते, डब्यातला भुसा एकटा पुरत नाही. ढीग घनमीटरपेक्षा लहान असला तर उष्णता टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनानुसार किमान आठवडाभर 50 अंशांच्या वर तापमान हवे. जंतांची अंडी सर्वांत चिवट, आणि कडेचा थर मधल्या भागाइतका तापत नाही. म्हणून मध्यावर, कडेला आणि कोपऱ्यात असे तिन्ही ठिकाणचे आकडे बघा. ढीग पलटल्यानंतर तापमान पुन्हा चढल्याची नोंद आहे का, हेही विचारा. फक्त मधला आकडा दाखवत असतील तर ते खत भाजीपाल्याला घेऊ नका, झाडांच्या खड्ड्यात घाला.