पूररेषेचे भान राखणारे गोदाकाठचे हॉटेल

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. अशा शहरात नदीकाठी बांधकाम करणाऱ्याने आधी पाण्याचा विचार करायला हवा, आणि गंगापूर रोडलगत गोदावरीच्या काठी झालेल्या या नव्या हॉटेलाच्या वास्तुरचनाकारांनी तो मनापासून केला आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तळमजल्यावर एकही खोली नाही. इमारत खांबांवर उचललेली असून खालची जागा पुराच्या पाण्याला वाट मिळावी म्हणून मोकळी सोडली आहे आणि स्वागतकक्षही पहिल्या मजल्यावर आहे.

दर्शनी भिंतींना काचेचा सोस नाही. काळाराम मंदिरात आणि घाटांवर दिसतो तोच काळा पाषाण येथे वापरला आहे, त्यावरील टाकीचे घाव घासून गुळगुळीत न करता तसेच ठेवले आहेत, आणि सर येऊन गेली की त्या खाचांतून पाणी बराच वेळ निथळत राहते. आजकालच्या चकचकीत इमारतींमध्ये असा संयम क्वचितच आढळतो.

खोल्यांच्या आत मात्र हा विचार पुरता उतरलेला नाही. स्नानगृह आणि खोली यांच्यामध्ये केवळ पारदर्शक काच आहे. आईला सोबत घेऊन उतरलेल्या आमच्यासारख्यांना हे फार अवघड जाते. तक्रार केल्यावर कर्मचाऱ्यांनी तत्परतेने पडदा लावून दिला, पण तो मुळातच असायला हवा होता. दिव्यांची सगळी बटणे एकाच काळ्या काचपट्टीवर असल्याने रात्री आईला अंधारात चाचपडावे लागले.

न्याहारीची मिसळ बेताची आहे. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा हवा असेल तर बाहेर पडावे.

नदीकडच्या खोलीसाठी जास्तीचे पैसे पावसाळ्यात जरूर मोजावेत. उन्हाळ्यात पात्रात पाणवेली पसरल्या की त्या खिडकीतून पाहण्यासारखे फारसे उरत नाही. २०१५ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवशी भाविकांची वाहने शहराबाहेरच थांबवली जात होती. त्यामुळे २०२७ च्या सिंहस्थासाठी येथे खोली घेणाऱ्यांनी रामकुंडापर्यंत जाण्यायेण्याची काय सोय होईल, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.