स्कॉर्पिओ-एन फोर-बाय-फोर कोकणातल्या वाटांसाठी: कशावर पैसे घालायचे, कशावर नाही

स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर-बाय-फोर ही कोकणातल्या कच्च्या वाटांसाठी मुळातच चांगली गाडी आहे. लॅडर फ्रेम (शिडीसारखा भक्कम लोखंडी सांगाडा) आहे, लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) आहे आणि मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारं, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं मेकॅनिकल लॉक आहे. उणी बाजू तिच्या मापातच दिसते: लांबी ४६६२ मिमी, व्हीलबेस २७५० मिमी आणि पोटाखाली जेमतेम १८७ मिमी. चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत किंवा घाटीच्या माथ्यावर ही गाडी पोटावर टेकते. म्हणून लोक सगळ्यात आधी गाडी उंच करायला धावतात. इथल्या जमिनीसाठी हा क्रम चुकीचा आहे. आधी टायर, मग पोटाखालचं संरक्षण, मग गंजाचा बंदोबस्त आणि उंची त्यानंतर.

टायर आधी का, ते जांभ्याकडे, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाकडे, बघितलं की कळतं. चिरा (जांभ्याचा कापलेला ठोकळा) खाणीतून ताजा काढलेला असतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होतो. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या पठारावरचा) उघडा कातळ वर्षानुवर्षं असाच कडक झालेला असतो. त्याला भोकं पडलेली असतात आणि प्रत्येक भोकाची कड करवतीच्या दातासारखी उभी असते. ही कड टायरच्या जाड तळव्याला फारसं काही करत नाही, पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सोलून काढते. साइडवॉलला पंक्चरचा प्लग लागत नाही. तिथे चीर गेली की टायर गेलाच. गाडीसोबत येणारे हायवे टायर डांबरी रस्त्यावर शांत चालतात, पण त्यांची साइडवॉल या कामासाठी बनवलेली नसते.

तेव्हा ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा टायर घ्या. त्यातही टायरवर आकड्याच्या आधी 'एलटी' लिहिलेला, साइडवॉलला जास्त थर असलेला घ्या. तो जड असतो, ॲव्हरेज थोडं कमी होतं आणि तेवढंच वजन पेलायला त्यात पाच-सहा पीएसआय हवा जास्त लागते. जांभ्यावर जाणाऱ्याने हे सगळं पत्करावं. मड-टेरेन मात्र घेऊ नका. चिखलात तो राजा आहे, पण पावसाळ्यात ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या कातळावर त्याचे मोठे कठीण ठोकळे घसरतात. घर ते वाट हा निम्मा प्रवास तर मुंबई-गोवा महामार्गावरच होतो.

मापाचं गणित इथे कामाला येतं. खालच्या मॉडेलच्या २४५/६५ आर १७ (रुंदी मिमीत, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास ७५० मिमी भरतो. वरच्या मॉडेलला येणाऱ्या २५५/६० आर १८ चा ७६३ मिमी, आणि २५५/६५ आर १७ चाही ७६३ मिमीच. म्हणजे १८ इंची गाडीला १७ इंची रिम आणि २५५/६५ टायर लावला तर स्पीडोमीटर जसाच्या तसा राहतो आणि रिम व दगड यांच्यात रबराची उंची मात्र १३ मिमीने वाढते. रिम ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे पैसे देण्याआधी एक चाक बसवून, हाताने फिरवून बघा. २६५/६५ आर १७ वर गेलात तर व्यास ७७६ मिमी होतो. २४५/६५ च्या मानाने स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवतो आणि चाक पूर्ण वळवून गाडी खड्ड्यात दबली की टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. तेवढ्यासाठी प्लास्टिक कापत बसू नका.

टायर पाच घ्या, चार नव्हे. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल आणि ती लावून फोर-हायमध्ये (चारही चाकं ओढणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) चालवलीत, तर पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो.

हवेच्या बाबतीत कोकणाचा नियम वेगळा आहे. हवा कमी करा म्हणजे पकड वाढते हे खरं, पण हवा कमी झाली की साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी जांभ्याच्या कडेला लागते. तांबड्या चिखलात २० ते २२ पीएसआय, उघड्या कातळावर २५ च्या खाली नाही. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरायलाच हवी. कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज १५ ते २० अँपिअरचा असतो आणि चांगला कंप्रेसर त्याहून जास्त ओढतो. फ्यूज उडाला की तुम्ही चार नरम टायरांवर, गावापासून लांब.

पोटाखालच्या पत्र्यात स्टील घ्यावं की ॲल्युमिनियम? ३ मिमी स्टीलचं वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलो होतं, ६ मिमी ॲल्युमिनियमचं सोळा किलो. कागदावर ॲल्युमिनियम जिंकतं. पण खरखरीत दगडावर ॲल्युमिनियम खरवडून अडकतं, स्टील घसरत पुढे जातं. शिवाय खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्टीलचा बोल्ट जिथे भिडतात तिथे पांढरी भुकटी धरते आणि दोन पावसाळ्यांत बोल्ट निघेनासा होतो. त्यामुळे इथे ३ मिमी स्टील, चांगलं पावडर कोटिंग केलेलं. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे पत्रे वेगवेगळे असावेत, म्हणजे ऑइल बदलताना सगळं उतरवावं लागत नाही. पत्र्याला ऑइलच्या नटासमोर भोक आणि चिखल धुऊन काढायला खाचा आहेत का, हे विकत घेतानाच बघा. खाचा नसलेला पत्रा म्हणजे चिखल भरून ठेवायचं ताट. तो ओला गोळा महिनोन् महिने चासीला चिकटून राहतो.

गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणाऱ्या अरुंद पाणंदीत रॉक स्लायडर (दारांखाली लावायचे भक्कम पाइप) उपयोगी पडतात, पण ते फ्रेमला बोल्टने जोडणारेच हवेत. पायरीसारखा दिसणारा फूटरेस्ट पहिल्या धोंड्यावर वाकतो आणि दाराची खालची कड आत ढकलतो. मेस्त्री वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी फ्रेमला वेल्डिंग नको.

आता लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं. ४० मिमीच्या वर जाऊ नका. उंची वाढली की पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस निघून जातं आणि तांबडी धूळ आत शिरून सीव्ही जॉइंट (चाकाकडे ताकद नेणारा सांधा) खाते. वळताना कट-कट आवाज येऊ लागला तर समजा उशीर झाला. स्पेसर (उंची वाढवणारी चकती) स्वस्त असतो, पण शॉकच्या डोक्यावर २० मिमीची चकती टाकली तर चाकापाशी ३० ते ४० मिमी उंची वाढते, कारण शॉक विशबोनच्या (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मध्येच कुठेतरी बसलेला असतो. दुकानदार चकतीची जाडी सांगतो की चाकापाशी मिळणारी उंची, ते विचारून घ्या. शक्यतो स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बदला. मागे वॅट्स लिंकेज (ॲक्सल मधोमध धरणारी दांड्यांची जोडणी) असल्यामुळे उंची वाढवली तरी ॲक्सल एका बाजूला सरकत नाही, ही या गाडीची मोठी जमेची बाजू.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होते. गाडी गॅरेजच्या हॉइस्टवर टांगलेली असतानाच बुशांचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पीळ पडलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चारी चाकांवर उतरवा, दोन-तीन वेळा दाबा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन लगेच. आणि एवढं करूनही मागचं डिफरन्शियल (ॲक्सलच्या मध्यावरचा गिअरचा गोळा) आधी होतं तेवढ्याच उंचीवर राहतं. ते फक्त टायर मोठा झाला तरच वर जातं. चाकोरीत घासतं ते तेच.

पऱ्या (ओढा) ओलांडायचा तर स्नॉर्केलच्या (इंजिनला उंचावरून हवा देणाऱ्या नळीच्या) आधी ब्रीदर (ॲक्सल-गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर सोडणाऱ्या) नळ्या. गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं आणि बेअरिंग संपतं. पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, या चारही ठिकाणचे ब्रीदर ऑइलला टिकणाऱ्या ६ ते ८ मिमी नळीने बॉनेटखाली उंचावर आणा. नळीला मध्ये झोळ नको, नाहीतर तिथेच पाणी साचून वाट बंद होते. खर्च किरकोळ, फायदा सगळ्यात जास्त.

स्नॉर्केल बसवायचाच असेल तर एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाचं पाणी गळायचं भोक आणि प्रत्येक सांधा बंद केल्याशिवाय तो नुसती शोभा आहे. इंजिनमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अर्धा मीटर ही मर्यादा पाळा, आधी काठी घेऊन चालत जा आणि मग माणसाच्या चालीने, न थांबता पार व्हा. खाडीकाठच्या वाटेवर तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ (तासांत) मिळते, हा जुना हिशेब आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सकाळची कोरडी वाट दुपारी पाण्याखाली असते.

मागचं लॉक चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की लागतं. एक चाक हवेत फिरू लागलं की घाबरून पाय उचलू नका. पाय हलका पण स्थिर ठेवा, 'टक' आवाज येईल आणि गाडी ओढेल.

विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी) आणि लोखंडी बंपर यांचा खर्च वाचवा. पुढे वजन वाढतं, एअरबॅगच्या सेन्सरचा प्रश्न येतो आणि बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. टायरचा आकडा बदलला तरी आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. विंचऐवजी १९ मिमी जाडीचा, ९ मीटर लांबीचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, ४.७५ टनांच्या दोन शॅकल (जोडकड्या), दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि फावडं ठेवा. दोर फ्रेमला पक्क्या जोडलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावा, टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही. तो तुटला तर गोळीसारखा उडतो. गावातला ट्रॅक्टर साखळीने ओढायला तयार असतो, पण झटका द्यायचा असेल तर साखळी नकोच.

गाडी कितीही तयार असली तरी दोन ठिकाणी नेऊ नका. सड्यावर जिथे कातळशिल्पं आहेत, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आणि आसपास, तिथे मळलेली वाट सोडायची नाही. हजारो वर्षं टिकलेली रेघ चाकाखाली एकदाच जाते. आणि किनारा. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, घरटं वरून दिसत नाही आणि दाबल्या गेलेल्या वाळूतून पिल्लांना वर येता येत नाही. भरीला खारं पाणी चासीत शिरतं ते वेगळंच.

गंजाचं काम एप्रिल-मेमध्ये, गाडी पूर्ण सुकलेली असताना करा. काळं रबरी कोटिंग ओल्या किंवा मातकट चासीवर मारलं तर ते पाणी आतच कोंडतं आणि वरून छान दिसत असताना खाली पापुद्रे सुटतात. मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या चरबीचा) स्प्रे दरवर्षी मारा, फ्रेमच्या पोकळीत लांब नळीने. पाणी निघायची भोकं बुजवू नका. दर ट्रिपनंतर फ्रेमच्या टोकातून पाइप घालून लाल पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, रेडिएटर कमी दाबाने आतून बाहेर. गाडीखाली टांगलेली स्टेपनी दर दोन महिन्यांनी खाली सोडा, दोराला आणि चकरीला ग्रीस लावा. चिखल आणि खारा वारा मिळून ती यंत्रणा अशी धरते की टायर फाटल्यावर स्टेपनी खालीच येत नाही.