मीटर खरा बोलत होता, तरी तेरा हजार गेले

आषाढातला पाऊस. किणी टोलनाक्याकडून कोल्हापूरला येत होतो. वायपर, हेडलाइट, काचेवरची वाफ घालवायला एसी, सगळं चालू. शहराच्या अलीकडं चहाला थांबलो आणि परत सेल्फ मारला तर नुसतं 'घुर्र... टक्'. गाडी ९ वर्षांची, पण बॅटरी अवघी १४ महिन्यांची, ३६ महिन्यांची वॉरंटी असलेली.

चहावाल्यानंच समोरचं गॅरेज दाखवलं. मिस्त्री गोड बोलणारा. "काळजी कशाला करताय साहेब, अर्ध्या तासात लावून देतो." मीटर लावला: ११.८ व्होल्ट. "बॅटरी बसली." जंप केबलनं गाडी चालू केली, परत मीटर लावला: १२.९. "चौदाच्या आसपास पायजे. डायनामो गेलाय की ओ." मग चालू इंजिनवरच बॅटरीचं टर्मिनल काढलं. इंजिन घरघरून बंद पडलं. डायनामो चांगला असता तर चालू राहिलं असतं, असा त्याचा हिशोब. "आता तरी पटलं?"

पटलं. आकडे माझ्या डोळ्यांदेखत आले होते.

नवी बॅटरी ४,८००, नवा अल्टरनेटर (म्हणजे मिस्त्रीचा डायनामो, चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) ७,५००, मजुरी १,२००, जुन्या बॅटरीचे ५०० वजा. एकूण १३,०००. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, "क्लेमला पंधरा दिवस लागतात, तोवर गाडी इथंच भिजत ठेवणार काय?" मी चहाच्या टपरीवर तासभर बसलो, तिकडं बघितलंसुद्धा नाही. बिल म्हणून वहीचा एक कागद. तोही घेतला.

आठव्या दिवशी घरासमोर पुन्हा तेच. घुर्र, टक्.

या वेळी मेहुण्यानं उद्यमनगरातल्या एका वायरमनकडं नेलं. सत्तरीचे मामा, तोंडात तंबाखू, बोलणं कमी. त्यांनी नवी बॅटरी चार्ज करून घेतली, गाडी चालू केली, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवायला सांगितलं. बॅटरीवर तेच १२.९. मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरं त्याच्याच अंगावर टेकवलं: १४.३. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करतोय, ते बॅटरीपर्यंत पोचत नाही. मधले १.४ व्होल्ट गेले कुठं? पुढची खूण मी जन्मात विसरणार नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. तिथं ०.२ च्या वर जाऊ नये. आला १.३.

"अर्थिंग खाल्लंय," मामा म्हणाले. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी काढली. वरून काळी, धडधाकट. बोल्टापाशी वाकवली तर आतल्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या. सेल्फला शंभरावर अँपिअर लागतात, ते त्या भुग्यातून जाणार कसे? आणि चार्जिंगचा परतीचा रस्ताही तोच. नवी पट्टी बसवली, बॅटरीवर १४.२. खर्च ३५० रुपये, मजुरीसकट.

म्हणजे त्या मिस्त्रीचे आकडे खोटे नव्हते. ११.८ दाखवले ते मी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यानंतर लगेच, तेव्हा कुठलीही बॅटरी दमलेलीच दिसणार. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर साधारण अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यायचा, तोही ती आधी पूर्ण चार्ज करून. चालू गाडीत १३.८ ते १४.५ पाहिजे, आणि कमी दिसलं तर अल्टरनेटरपाशी जाऊन मोजल्याशिवाय त्याला दोषी धरायचं नाही. टर्मिनल काढून दाखवणाऱ्याला तर तिथंच थांबवा. चालू इंजिनवर बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, अल्टरनेटरमधले डायोड आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतात. मामा म्हणाले, तुमचं नशीब.

इथवर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण मामांनी 'नव्या' अल्टरनेटरवर थिनरचं फडकं फिरवलं. चंदेरी रंग निघाला आणि खालून पिवळा ४ आणि ८ दिसायला लागले. मागच्या वर्षी बेल्ट बदलताना आमच्या शाहूपुरीच्या मिस्त्रींनी पिवळ्या पेंटनं तिथं किलोमीटर लिहून ठेवले होते, ४८,२००. माझाच अल्टरनेटर, रंग मारून, मलाच साडेसात हजारांना!

फोटो घेऊन परत गेलो. "तुम्ही दुसरीकडं गाडी उघडलीसा, आता माझी जबाबदारी न्हाई." जुनी बॅटरी मागितली तर भंगारात गेली म्हणे. १४ महिन्यांची! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो म्हटल्यावर आवाज खाली आला आणि ४,००० हातावर टेकवले. बाकीच्यासाठी पक्कं बिल लागलं असतं. माझ्याकडं वहीचा कागद, त्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना पार्टचा नंबर. नव्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड घरी येऊन उघडलं तेही कोरंच होतं, शिक्कासुद्धा नाही.