पंजासाठी तिसरं फंक्शन: १२ व्होल्टच्या डायव्हर्टर किटचं परीक्षण

कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) लोडरची नुसती बकेट अर्ध्या कामाची. आडवी पडलेली पोफळ, माडाच्या झावळ्या, तोडलेला बांबू, यातलं काहीच बकेटमध्ये नीट बसत नाही, आणि उताराच्या वाटेवर निम्मं ओझं खाली. वरून दाबून धरणारा पंजा बसवला की हे थांबतं. पण छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला दोनच फंक्शन असतात: बूम वर-खाली आणि बकेट आत-बाहेर. पंजा उघडायला आणि मिटायला तिसरं लागतं. त्यासाठी मिळणाऱ्या सहा पोर्टच्या (तेलाच्या तोंडांच्या) सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलवर चालणाऱ्या, डायव्हर्टर किटबद्दल हे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगतो: व्हॉल्व्ह घ्यावा, त्याच्यासोबत पेटीत येणारं बाकीचं बरंचसं सामान बदलावं.

पर्याय तीन आहेत. ट्रॅक्टरच्या मागच्या ऑक्झिलरी व्हॉल्व्हपासून पुढपर्यंत दोन लांब पाइप ओढणं सगळ्यात सोपं, पण पंजासाठी दर वेळी हात मागच्या लिव्हरवर न्यावा लागतो आणि पाइप सगळीकडे घासतात. दुसरा, पॉवर-बियाँडवर (लोडर व्हॉल्व्हमधून तेल पुढच्या व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या पोर्टवर) स्वतंत्र तिसरा व्हॉल्व्ह. बकेट फिरवता फिरवता पंजा मिटायचा असेल तर हाच खरा उपाय. मात्र त्यात रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) कुठे, टाकीची लाइन कुठे आणि मागच्या लिफ्टला तेल कुठून, हे कळणारा माणूस हवा. लोडर व्हॉल्व्हमध्ये पॉवर-बियाँडची स्लीव्ह न घालता नुसतं पोर्ट जोडलं तर पुढचं गणितच चुकतं. तिसरा पर्याय डायव्हर्टर. तो बकेटच्या आत-बाहेर लाइनवर बसतो. नॉबवरचं बटण दाबलं की तेच तेल बकेटऐवजी पंजाकडे जातं. दोन्ही एकदम करता येत नाहीत, हा त्याचा एकमेव मोठा दोष. झावळ्या आणि ओंडके उचलताना तो फारसा जाणवत नाही. पंप, रिलीफ, मागची लिफ्ट यांना हात लावावा लागत नाही, आणि बूमवरून फक्त दोन वायरी पुढे न्यायच्या असतात.

व्हॉल्व्ह विकत घेताना त्याच्या ठोकळ्यावर कोरलेली आकृती वाचा. पोर्टांची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून अक्षरांवर नव्हे, आकृतीवर विश्वास ठेवायचा. कॉइलमध्ये वीज नसताना तेल बकेटकडे गेलं पाहिजे. उलट जोडला तर वायर तुटेल त्या दिवशी बकेट निकामी, आणि ती भरलेली असताना वर अडकली तर पंचाईत. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला साधारण २० ते ३५ लिटर तेल देतो, त्यामुळे ३/८ इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप-आट्यांच्या) पोर्टचा व्हॉल्व्ह पुरतो. १/२ इंची घेतला म्हणून ताकद वाढत नाही.

बसवण्याची जागा लोडरच्या दोन्ही हातांना जोडणाऱ्या आडव्या नळीवर. इथे एक चूक वारंवार होते. बकेटचे सिलिंडर दोन असतात आणि लोडर व्हॉल्व्हकडून आलेल्या दोन लाइन पुढे टी आकाराच्या जोडात फाटतात. डायव्हर्टर या टीच्या आधी जोडायचा. टीच्या पुढे जोडला तर बटण दाबल्यावर एकाच सिलिंडरचं तेल वळतं, दुसरा जोर लावतच राहतो आणि बकेट पिळली जाते. ब्रॅकेट ६ मिमी पट्टीचं पुरे. ते यू-बोल्टने धरा. आडव्या नळीवर वेल्डिंग केलंत तर रंग जळून आतून गंज सुरू होतो, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तो थांबत नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर बकेट पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर फिरवून कुठे लागत नाही ना ते पाहा, मगच पाइपांची मापं घ्या.

पाइप उघडण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर चारही दिशांना दोन-तीनदा फिरवा. पंजा जोडलेला असेल तर चावी ऑन ठेवून, बटण दाबून पुन्हा फिरवा. बटण न दाबता कितीही लिव्हर हलवला तरी पंजाच्या लाइनमधला दाब सुटत नाही, कारण डायव्हर्टरने ती बंद केलेली असते. आणि गळती बोटाने चाचपू नका. १५० बारची सुईएवढी धार कातडीत शिरते, वरून नुसता टिपका दिसतो, दुखतही नाही. पुठ्ठा फिरवून बघा. धार लागलीच तर ‘संध्याकाळी बघू’ म्हणायचं नाही, तडक बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हॉस्पिटल गाठायचं.

किटमधले पाइप पहिल्यांदा बाजूला ठेवा. बऱ्याचदा ते एका तारेचे, म्हणजे पोलादी तारेच्या जाळीचा एकच थर असलेले, असतात. ३/८ इंचाच्या एकतारी पाइपचा चालू दाब सुमारे १८० बार, दोनतारीचा ३३० बार. १५० बारवर चालणाऱ्या लोडरला कागदावर एकतारी चालेल, पण पंजाने ओंडका धरला आणि बकेट दगडावर आदळली की क्षणिक दाब कितीतरी वर जातो. दोनतारी घ्या आणि १३० मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका. डिचोली, सांखळी, कुडचडे या खाणपट्ट्यात मशिनरीच्या पाइपांचं काम लोकांच्या हातात मुरलेलं आहे. तिथे पाइपांची टोकं क्रिम्प (दाबून पक्की) करून घेताना जुनं निपल सोबत न्या. नुसते आटे जुळून भागत नाही, बैठकही (आतला टेकण्याचा कोन) जुळावी लागते. जपानी पद्धतीच्या काही जोडण्यांचे आटे बीएसपीसारखेच असतात, नट हाताने अगदी मस्त फिरतो, पण आतला कोन उलटा. मग कितीही आवळा, ते झिरपतंच. अमेरिकी बनावटीच्या पंजावर एनपीटी (निमुळते अमेरिकी) आटे निघाले तर ३/८ च्या मापाला दर इंचात १८ आटे, बीएसपीला १९. पहिले दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातात, मग अडतं, आणि तिथे पाना लावला की व्हॉल्व्हचं पोर्ट गेलं. टेफ्लॉन टेप कुठेही नको. तिची चिंधी सुटून स्पूलमध्ये (व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांडीत) जाते. समांतर बीएसपीला रबर-धातूचा बाँडेड वॉशर लागतो, तो दर वेळी नवा.

कपलर, म्हणजे पंजाचे पाइप जोडायचे-सोडायचे जोड, हा किटचा दुसरा कच्चा दुवा. गोळीवाले स्वस्त कपलर मिळतात. त्यांच्या खोबणीत तांबडी माती बसते आणि पुढच्या जोडणीला ती सरळ तेलात जाते. सपाट तोंडाचे कपलर महाग पडतात, पण फडक्याने एकदा पुसले की साफ. पंजा काढून उन्हात ठेवला की आतलं तेल फुगतं आणि कपलर बसतच नाही. हातोडी मारण्यापेक्षा पंजा सावलीत ओढा, किंवा सिलिंडरकडचं एक नट फडकं धरून जरासं सैल करून दाब सोडा.

आता वीज. गोव्यात किट बिघडतो तो बहुतेक इथेच. कॉइल साधारण ३६ वॉटची असते, म्हणजे १२ व्होल्टला ३ अँपिअर. नॉबमधलं बटण एवढा करंट रोज तोडायला बनलेलं नसतं, म्हणून मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) हवा. बॅटरीकडून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून कॉइलला, ८५ अर्थला, ८६ बटणातून चावीच्या लाइनला. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे, म्हणजे वीज तुटताना उसळणारा व्होल्टेज रिलेचे पॉइंट जाळणार नाही. प्लगमध्ये डायोड आधीच असेल तर वायरी उलट लागल्या की फ्यूज उडतो. तिथे फ्यूज मोठा टाकू नका, वायरी बदला.

किटमधली वायर बहुधा अर्ध्या चौरस मिलिमीटरची निघते. जाऊन-येऊन १० मीटर धरले तर ३ अँपिअरला तिच्यात एक व्होल्टहून जास्त जातो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट पाव ते अर्ध्या व्होल्टच्या मध्ये राहते. इंजिन मंद, दिवे लागलेले, बॅटरी थकलेली, अशा वेळी या एका व्होल्टपायी स्पूल अर्ध्यावर अडकतो: बटण दाबलं तरी पंजाबरोबर बकेटही हलते. माणूस व्हॉल्व्ह खराब म्हणून परत पाठवतो. आधी मीटर लावा, कॉइलवर बटण दाबून ११ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर दोष वायरीचा. मीटर नसेल तर कॉइलच्या नटाजवळ स्क्रू-ड्रायव्हर धरा, चुंबकाने ओढला पाहिजे. ओढतो पण पंजा हलत नाही, तर टोकाची मॅन्युअल पिन दाबून बघा. पिनेनेही हलला नाही तर स्पूलमध्ये कचरा आहे. कॉइल हात ठेवता येणार नाही इतकी तापते, ते बिघाडाचं लक्षण नाही.

प्लग पावसाळ्याआधी एकदा उघडून बघाच. चौकोनी काळा प्लग, आत तीन पाती, खाली कागदासारखी पातळ रबरी गॅस्केट. ती पेटीतच सुटी असते आणि घाईत तिथेच राहून जाते. जुलैपर्यंत पात्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, स्क्रूखालची तांब्याची तार काळी पडून मोडते. गॅस्केट बसवा, पात्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, वायरीचं तोंड खाली ठेवा आणि आत शिरण्याआधी वायरीला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल. कलई केलेली तार मिळाली तर पैसे मोजून घ्या.

पहिल्यांदा चालवताना इंजिन मंद ठेवून पंजा आठ-दहा वेळा पूर्ण उघड-मीट करा, हवा निघते. ३/८ इंची पाइप मीटरला सुमारे ७० मिलि तेल खातो. चार मीटर पाइप आणि ५० मिमी बोअर (आतला व्यास), २०० मिमी स्ट्रोकचा (दांड्याच्या धावेचा) एक सिलिंडर मिळून पाऊण लिटरच्या आसपास. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत हे तेल गिअरबॉक्सचंच असतं, म्हणून डिपस्टिक पाहून त्याच ग्रेडचं भरा.

याच सिलिंडरला १५० बारवर जवळजवळ तीन टनांचा जोर मिळतो. दांड्याच्या बाजूने, दांडा २८ मिमी असेल तर, दोन टन. पोफळीचं खोड चिरडायला कितीतरी कमी पुरतो. मिनिटाला २० लिटर तेलावर पंजा सेकंदाच्या थोडं पुढे मिटतो, म्हणजे खाटकन. नाजूक काम असेल तर लाइनमध्ये दीड मिमी छिद्राचा रिस्ट्रिक्टर घाला, दुप्पट वेळ मिळतो. आधी बटण, मग लिव्हर. सोडताना आधी लिव्हर, मग बटण. उलट केलं की झटका बसतो. काही लोडरांत बकेट पटकन ओतायला लिव्हरच्या शेवटच्या टप्प्यावर रिजनरेशन असतं. तिथे सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना तेल जातं, पंजा जोरात धावतो पण पकड ढिली. पंजा मिटण्याची दिशा त्या बाजूला आली तर पाइप अदलाबदल करा.

ओंडका धरून लांब न्यायचा असेल तर पंजा हळूहळू सैल होतो. स्पूलमधून थोडं तेल झिरपणारच, ती व्हॉल्व्हची जातच. सिलिंडरवर डबल पायलट चेक व्हॉल्व्ह बसवा. मात्र त्याने तेल कोंडलं जातं, आणि कोंडलेल्या पंजाने झाडाचं बूड उपटायला गेलात तर दाब सोडायला वाटच नसते, दांडा वाकतो. बुंधे उपटण्याचं काम असेल तर सोबत क्रॉसओव्हर रिलीफही (दाब वाढला की एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूला सोडणारा) लागेल, आणि तो किटमध्ये नसतो.

लोडर पूर्ण उंचीवर ३५० किलो उचलत असेल आणि पंजा १३० किलोचा असेल, तर हातात उरले २२० किलो, तेही पुढे सरकलेल्या वजनाने आणखी कमी. मागे वजन टांगल्याशिवाय उतारावर जाऊ नका. ज्यांचा लोडर इतकाही उचलत नाही, त्यांनी हा किट घेऊ नये. पंजाच लोडरची ताकद खाऊन टाकेल.