बोलोन्याची पॅसेंजर : मोटारीविना इटलीतील पाच रात्री

बेळगावातून इटलीला जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीबरोबर?" आपले आपण निघालो आहोत असे सांगितले की लगेच दुसरा येतो, "मग तिकडे गाडी घेणार असाल." आम्ही उभयतांनी यंदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात यातले काहीच केले नाही. चौकशीला गेलो होतो त्या पर्यटन कंपनीच्या दहा दिवसांच्या सहलीत सात शहरे होती, आणि रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये बसण्याचा योग होता. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना तो मानवणारा नव्हता. पाच रात्री, एक मुक्कामाचे शहर आणि तेथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावरची दोन गावे, असा बेत आम्ही आखला. या बेताचा सारा भार ज्या सेवेवर होता, त्या इटलीतील प्रादेशिक रेल्वेचे हे परीक्षण आहे. तिकडे तिला 'रेजोनाले' म्हणतात. आपण तिला सरळ पॅसेंजर म्हणू.

मोटार का नाही, हे आधी सांगतो, कारण भाच्याने त्यासाठी फार आग्रह धरला होता. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगी नसलेल्या वाहनांना ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असते. फलकावर 'झोना त्राफिको लिमितातो' एवढे तीन शब्द असतात, अडवायला कोणी उभे नसते. कॅमेरा नंबरप्लेटचे छायाचित्र घेतो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत, तिचा हाताळणी आकार जोडून, घरी पोहोचतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी फ्लॉरेन्समध्ये एकाच संध्याकाळी हॉटेल शोधताना तीनदा असा फलक ओलांडला आणि दिवाळीच्या सुमारास तीन दंड भरले. त्यात आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढणे आले, पावणेदोन युरोंच्या आसपास लिटर असलेले पेट्रोल आले, आणि उजव्या बाजूने गाडी हाकणे आले. जी शहरे पायी पाहण्यासाठीच बांधलेली आहेत, तेथे गाडी म्हणजे दिवसभर सांभाळायचे एक ओझे असते.

मुक्कामासाठी बोलोन्या निवडले ते नकाशाकडे पाहून. आपल्याकडे जसे हुबळी किंवा मिरज, तसे ते उत्तर इटलीचे जंक्शन आहे. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रिमिनी या चारही दिशांचे मार्ग तेथे मिळतात. दुसरे कारण उन्हाचे. बेळगावच्या हवेला सोकावलेल्या माणसाला पस्तीस अंशांचे कोरडे ऊन दुपारी दोन वाजता सहन होत नाही. बोलोन्याच्या पदपथांवर मात्र कमानींचे छत आहे. शहरातील अशा कमानदार ओसऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. स्टेशनापासून मुख्य चौकापर्यंत जाणारा 'व्हिया इन्दिपेन्देन्झा' हा रस्ता तर जवळजवळ सगळा ओसरीखालून चालता येतो. चाकांची बॅग ओढत, टोपी न घालता, वीस मिनिटांत माणूस शहराच्या मध्यभागी येतो. नगररचनेत वारसा, सौंदर्य वगैरे असतेच. पण जूनमध्ये बारा वाजता त्या कमानींचा अर्थ फक्त सावली एवढाच असतो, आणि तो पुरेसा आहे.

रोमच्या विमानतळावर उतरून बोलोन्याला जाण्यासाठी अतिजलद गाडी घेतली. या मार्गावर सरकारी मालकीची त्रेनीतालिया आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो अशा दोन कंपन्यांची स्पर्धा आहे, त्यामुळे तिकीट महिना-दीड महिना आधी काढले तर निम्म्याहूनही कमी दरात मिळू शकते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने सुमारे सव्वादोन तास लागले. प्रवास म्हणून मात्र त्यात पाहण्यासारखे फार नाही. फ्लॉरेन्स ते बोलोन्या या ७८ किलोमीटरच्या टप्प्यात सुमारे ७३ किलोमीटर बोगदे आहेत. कॅसलरॉकच्या घाटात खिडकीला नाक लावून दूधसागर पाहत लहानाचे मोठे झालेल्यांनी एवढा डोंगर पार करून खिडकीत केवळ स्वतःचे तोंड पाहावे, याचे मला थोडे वाईट वाटले.

खरी सेवा सुरू होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पॅसेंजरपासून. तिच्या तिकिटाचा दर ठरलेला असतो. आज काढा की महिनाभर आधी काढा, रुपयाचाही फरक नाही. आरक्षण नाही, आसन क्रमांक नाही, रिकामी जागा दिसेल तेथे बसायचे. बोलोन्या ते फेरारा हे अंतर साधारण आपल्या बेळगाव ते लोंढा एवढे. जलद पॅसेंजरने अर्धा तास आणि पाच-सहा युरो. राव्हेन्ना थोडे लांब आहे, तेथे सव्वा तासाच्या आसपास लागतो. दिवसभर गाड्या असतात, त्यामुळे एखादी चुकली तरी कॉफी पिऊन पुढची पकडावी. बेत आखण्याच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी सोय आहे. सकाळी उठून आकाश, गुडघे आणि मनःस्थिती पाहून गाव ठरवता येते.

अडचण गाडीत नसते, ती फलकात असते. फेराराला जाणाऱ्या गाडीसाठी आम्ही फलकावर 'फेरारा' शोधत दहा मिनिटे उभे राहिलो आणि ते नाव आम्हाला कोठेच दिसले नाही. फलकावर शेवटच्या स्थानकाचे नाव ठळक असते, आणि आमची गाडी व्हेनिसला जाणारी होती. लोंढ्याला उतरणारा माणूस बेळगावात 'वास्को' वाचून गाडीत चढतो तसेच हे. भिंतीवर पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या आणि पांढऱ्या कागदावर येणाऱ्या गाड्यांचे छापील वेळापत्रक लावलेले असते. पिवळ्यावर वेळेनुसार खाली येत गेले की मधली स्थानके बारीक अक्षरांत सापडतात. 'बिनारियो' म्हणजे फलाट आणि 'रितार्दो' म्हणजे उशीर, एवढे दोन शब्द आले तरी काम भागते. बेळगावच्या सीबीटी या मध्यवर्ती बसस्थानकावर कन्नड पाटी वाचून, मराठीत चौकशी करून, इंग्रजी आकड्यांची बस पकडणाऱ्या आपल्या लोकांना परक्या भाषेतील फलकाचे भय तसे वाटू नये. आम्हाला ते वाटले नाही, घाई मात्र झाली.

यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटाबाबत एक गोष्ट विसरू नये. गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात त्याचे टोक सरकवावे लागते. आत 'कर्र' असा आवाज होतो आणि कडेला फिकट शाईत स्थानक, तारीख व वेळ उमटते. हा शिक्का नसेल तर पैसे मोजून घेतलेले तिकीटही विनातिकीटाच्या जवळ जाते आणि दंड होऊ शकतो. मोबाईलवर तिकीट काढले तर शिक्का नसतो, पण प्रवासाआधी त्यावर 'चेक-इन' करावे लागते. पत्नीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले की पैसे मी द्यायचे आणि शिक्का तिने मारायचा. पाच दिवस हे खातेवाटप बिनतक्रार चालले.

फेरारा स्टेशनापासून येथे पूर्वी राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याच्या खंदकयुक्त किल्ल्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते, आणि हा रस्ता कंटाळवाणा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सुमारे नऊ किलोमीटरची तटबंदी गावाभोवती जवळजवळ अखंड उरली आहे, तिच्यावर झाडांची रांग आहे आणि आपल्याहूनही वयस्कर बायका सायकलवर भाजी घेऊन तिच्याखालून जातात. आम्ही किल्ला आतून पाहिला नाही. तटावरच्या बाकावर दीड तास बसलो, त्याचा पश्चात्ताप नाही.

राव्हेन्नासाठी मात्र पूर्ण दिवस ठेवावा. पाचव्या-सहाव्या शतकांतील आठ वास्तू तेथे युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि त्यांतील बहुतेक स्टेशनापासून पायी गाठता येतात. रोमन राजघराण्यातील गाला प्लाचिदिया हिची समाधी म्हणून ओळखली जाणारी वास्तू बाहेरून आपल्या शेतातल्या विटांच्या खोलीएवढी साधी दिसते. प्रवेशाची वेळ आधी नोंदवावी लागते आणि आत पाचच मिनिटे थांबू देतात. पहिले मिनिट डोळे अंधाराला सरावण्यात जाते. नंतर छताचा निळा रंग हळूहळू वर येतो आणि त्यात सोन्याच्या तुकड्यांचे तारे दिसू लागतात. खिडक्यांना काच नाही, पातळ दगडाच्या फरश्या आहेत, त्यामुळे आतला उजेड मधाच्या रंगाचा असतो. माझ्या पुढचे गृहस्थ ती पाचही मिनिटे छायाचित्र घेत होते आणि कॅमेऱ्यात सगळे काळे येत होते. सान व्हिताले चर्चमधील सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेकचित्रे जवळच, एकाच आवारात आहेत. जेवणाच्या वेळेकडे लक्ष ठेवावे. अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात ती सात-साडेसातला उघडतात, आणि आम्ही तीन वाजता एका बंद दारासमोर उभे होतो.

बोलोन्या स्टेशनाविषयी दोन गोष्टी. पश्चिमेकडच्या प्रतीक्षागृहाजवळ बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेले आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी त्या वेळी येथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसे मेली. त्यांची नावे आत लिहिलेली आहेत. सुट्टीच्या हंगामातील शनिवार होता तो. बॅग घेऊन गाडीची वाट पाहणारी माणसे आजही तेथेच बसलेली असतात, आणि आम्हीही बसलो.

दुसरी गोष्ट आमच्या फजितीची. अतिजलद गाड्यांसाठी २०१३ पासून जमिनीखाली वेगळे स्थानक सुरू झाले आहे आणि त्याचे फलाट १६ ते १९ क्रमांकांचे आहेत. रोमला परतण्याच्या सकाळी फलकावर १७ आकडा दिसला. मी वरच्या फलाटांवर चौदा, पंधरा असे मोजत निघालो. पत्नी मागून म्हणाली, "अहो, तो भुयारातला सतरा आहे." सरकत्या जिन्यांचे टप्पे उतरून पोहोचेपर्यंत गाडीची दारे मिटली होती. सर्वांत स्वस्त तिकिटात बदल नाही, परतावा नाही. ही अट आम्ही तिकीट काढतानाच वाचली होती आणि तिच्याकडे हसून दुर्लक्ष केले होते. नव्या तिकिटांना दोघांचे मिळून शंभराहून अधिक युरो गेले. सामान, वय आणि नवखेपणा यांपैकी दोन गोष्टी ज्यांच्याजवळ असतील त्यांनी या स्टेशनावर अर्धा तास आधी यावे, आणि थोडे जास्त देऊन बदलता येणारे तिकीट घ्यावे.

निवासस्थानाचे नाव लिहीत नाही. 'वातानुकूलित' असे छापलेल्या खोलीत टेबलफॅन निघाला आणि मालकीणबाईंनी खिडकी उघडून दाखवली. जून-जुलैत जाणाऱ्यांनी आधी लिहून विचारावे, उत्तर लेखी घ्यावे. प्रत्येक रात्रीमागे माणशी द्यावा लागणारा शहराचा पर्यटन-कर भाड्यात धरलेला नसतो, तोही विचारावा. शाकाहाराची चिंता बोलोन्यात फारशी नाही, रिकोता हे मऊ चीज भरलेले तोर्तेलोनी, म्हणजे पास्त्याचा एक प्रकार, आणि बटाट्याचे प्रकार मिळतात. मात्र पार्मेझान चीज वासराच्या पोटातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरून करतात, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी ते नको म्हणून सांगावे. इकडून खाऊ नेताना दुधाचे पदार्थ टाळावे लागतात, कारण युरोपीय संघाबाहेरून ते नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. कुंदा ही मिठाई मानायची की दुग्धपदार्थ, यावर रोमच्या विमानतळावर वाद घालण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून तो घरीच राहिला.

पॅसेंजरला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण काही डब्यांच्या उंच पायऱ्यांसाठी आणि संपांसाठी. 'शोपेरो' हा शब्द तारखेसह आधीच जाहीर होतो. त्या दिवशीही कामकाजाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. आमच्या पाच दिवसांत एक शुक्रवार असा आला. सकाळी सव्वाआठची पकडून फेराराला गेलो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या गाडीने परतलो. तटावरच्या बाकावर एवढा वेळ बसण्याचे तेही एक कारण होते. ऑगस्टमध्ये जाण्याचा विचार असेल तर १५ तारखेच्या आगेमागे इटलीतील माणसे स्वतःच समुद्रकाठी निघून जातात, दुकाने बंद असतात आणि गाड्याही कमी धावतात. पत्नीच्या मनात पुढच्या वेळी मोदेना आणि पार्मा आहे. दोन्ही बोलोन्याहून मिलानच्या बाजूला, त्याच पॅसेंजरच्या मार्गावर आहेत, आणि या खेपेला तिने शिक्क्याबरोबर फलाटाचे खातेही स्वतःकडे घेतले आहे.